गाडी एअर घेतेय, पण नेमकी कुठून? टू-स्ट्रोक इंजिनची गळती घरच्या घरी शोधताना

थ्रॉटल सोडला तरी रेस लगेच खाली येत नाही, चार-पाच सेकंद वरच लटकते. गार असताना बरी चालणारी गाडी तापली की स्लोवर टिकत नाही, किंवा उलट आपोआप रेस घेते. कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू पूर्ण आत फिरवला तरच काय ती नीट उभी राहते. स्पार्क प्लग काढून पाहावा तर तपकिरी दिसायच्या जागी पांढराफटक. आरएक्स १००, शोगन, जुनी येझदी, जुनी चेतक, गाडी कुठलीही असो, टू-स्ट्रोकमध्ये ही लक्षणं एकत्र दिसली की मेकॅनिक मान हलवून सांगतो, ‘एअर घेतेय’, म्हणजे कुठल्यातरी फटीतून इंजिनात नको ती हवा शिरतेय.

निदान बहुतेक वेळा बरोबर असतं, पण उपाय चुकतो. मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक, एक नंबर मोठा टाकला जातो, पेट्रोल वाढवायला सुईची क्लिप खाली सरकवली जाते आणि गाडी आठवडाभर बरी चालते. दरम्यान फट वाढत जाते. म्हणून पहिला नियम असा की इंजिन हवाबंद असल्याची खात्री होईपर्यंत जेटला हात लावायचा नाही. ती खात्री अंदाजाने होत नाही. त्यासाठी इंजिनात थोडा दाब भरून घड्याळ लावून बसावं लागतं. सामान महाग नाही, निम्मं तर मेडिकलच्या दुकानातच मिळतं.

क्रँककेस म्हणजे पिस्टनच्या खाली क्रँक फिरतो तो बंद कप्पा. फोर-स्ट्रोकमध्ये त्याचं काम मुख्यतः ऑइल धरून ठेवण्याचं. टू-स्ट्रोकमध्ये मात्र तो चेंबर म्हणजे एक पंपच असतो. पिस्टन वर गेला की खाली चेंबरमध्ये निर्वात तयार होतो आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात या चेंबरमध्ये एकदा ओढ आणि एकदा दाब. आयडलिंगला मिनिटाला साधारण १३०० फेरे धरले, तर सेकंदाला वीसहून जास्त वेळा हे घडतं. या चेंबरला कुठेही बारीक फट असेल तर ओढीच्या वेळी कार्ब्युरेटरला बगल देऊन कोरडी हवा आत घुसते. तिच्यात पेट्रोल नसतं आणि ऑइलही नसतं.

मिश्रणात हवा वाढली की ते ‘लीन’ होतं. लीन मिश्रणाने इंजिन जास्त तापतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला आणि क्रँकच्या बेअरिंगला मिळणारं वंगणही याच वाटेने येतं, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या गाडीत पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं. लांबच्या चढाला किंवा हायवेवर फुल थ्रॉटलला पिस्टन पकडतो तो असा. कधी पिस्टनच्या टाळूला भोकही पडतं. नवीन पिस्टन, बोअरिंग, रिंग असा सगळा खर्च करून दोन महिन्यांत तेच पुन्हा घडलं, तर पहिल्या वेळचं कारण तसंच राहून गेलं असं समजावं.

आधी फुकटातल्या गोष्टी

रेस लटकणं म्हणजे गळतीच, असं नसतं. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. रेस बदलत असेल तर थ्रॉटलची केबल ताणलेली आहे. एअर फिल्टरचा डबा उघडून कार्ब्युरेटरची स्लाईड ‘टक’ आवाज करत खाली बसते का ते पाहा. चोकच्या प्लंजरखालचं रबर झिजलं असेल तर मिश्रण उलट जाड होतं आणि प्लग काळा पडतो. पायलट जेटमध्ये, म्हणजे स्लोचं पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, कचरा असेल तर लक्षणं हुबेहूब गळतीसारखीच दिसतात, म्हणून तोही एकदा साफ करून घ्यावा.

नंतर इनटेकचं रबर. कार्ब्युरेटर आणि ब्लॉक (सिलिंडर) यांच्यातलं हे रबर हातात घेऊन वाकवून पाहायचं. गाडीवर बसवलेलं असताना त्याच्या चिरा मिटलेल्या असतात. क्लॅम्पच्या पट्टीखाली नेहमी जास्त तडे जातात आणि तेच दिसत नाहीत. नखाने दाबल्यावर रबर प्लास्टिकसारखं कडक लागत असेल तर त्याची तपासणी तिथेच संपली, नवीन घ्या. जुन्या गाड्यांची रबरं आणि ओ-रिंग हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा विचार करून बनवलेली नव्हती. काही फुगतात, काही कडक होऊन तडकतात.

ऑइल पंप काढून ‘मिक्स’वर आणलेल्या गाड्यांमध्ये आणखी एक जागा आवर्जून पाहायची. पंपाची नळी जिथे जोडलेली होती ते बारीक निपल. ते नुसतं उघडं राहिलेलं किंवा एम-सील लावून बुजवलेलं सापडतं. एम-सीलचा तुकडा कालांतराने सुटतो. नळीचा छोटा तुकडा चढवून त्यात स्क्रू घट्ट बसवणं जास्त भरवशाचं.

चालू इंजिनवर जॉइंटपाशी पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारायचा आणि रेस बदलते का ऐकायचं, ही पद्धत सर्रास वापरली जाते. करू नये. बाजूलाच तापलेला सायलेन्सर आणि प्लगची वायर असते. तपासायचंच असेल तर कपड्यांना इस्त्री करताना वापरतो त्या फवाऱ्याच्या बाटलीत साधं पाणी घ्यावं, इंजिन कोमट असतानाच इनटेकच्या जॉइंटवर आणि ब्लॉकच्या पायाशी थोडं थोडं मारावं. फटीतून पाणी ओढलं गेलं की रेस क्षणभर अडखळते. मात्र रेस बदलली नाही म्हणून गळती नाही असं ठरत नाही. टू-स्ट्रोकमधल्या सगळ्यात त्रासदायक गळत्या क्रँकच्या दोन ऑइल सीलमधून होतात. त्यातलं एक मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या, वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) मागे, दुसरं क्लच कव्हरच्या आत. तिथे फवारा पोहोचतच नाही.

सामान

रक्तदाब मोजायचं घड्याळी यंत्र, म्हणजे डायलचं. डिजिटल चालत नाही. त्याचा डायल ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असतो. टू-स्ट्रोकच्या गळतीच्या चाचणीत ५ ते ६ पीएसआय दाब भरायचा असतो. १ पीएसआय म्हणजे सुमारे ५२ मिलिमीटर पारा, म्हणजेच २६० वर काटा आला की ५ पीएसआय झाले. जितका दाब हवा नेमका तितकाच मोजणारं मीटर, हवा भरायला रबरी फुगा, हवा उलटी फुग्यात न जाऊ देणारा वॉल्व आणि हवा सोडायचा स्क्रू, सगळं एकाच यंत्रात. टायरचं गेज इथे निरुपयोगी, कारण त्यावर ५ पीएसआय म्हणजे काट्याची पहिली हालचाल.

दंडाची पट्टी बाजूला काढा. फुग्याची नळी आणि डायलची नळी एका ‘टी’ला जोडा. माशांच्या टाकीच्या एअर पंपासाठी मिळणारे प्लास्टिकचे टी यासाठी छान चालतात. तिसऱ्या तोंडाला फूटभर नळी, ती इंजिनकडे जाईल. ज्या यंत्रात फुगा आणि डायल एकत्र जोडलेले असतात त्यात टी लागत नाही.

सायकलचा पंप किंवा कॉम्प्रेसर मात्र नको. पायपंपाच्या एका-दोन दट्ट्यांत दाब कुठल्या कुठे जातो आणि चांगलं सील जागेवरून निसटू शकतं. तसं झालं तर नसलेलं काम आपणच उभं केलं.

बाकीच्या वस्तू: ३-४ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी पट्टी, ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, इनटेकच्या रबरात घट्ट बसेल असा नायलॉनचा बूच, भांडी घासायचं लिक्विड, रंगाचा छोटा ब्रश.

नायलॉनचा बूच लेथवाल्याकडून करून घ्यावा. कार्ब्युरेटरचं जे तोंड रबरात जातं त्याचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि तेवढाच बूच, साधारण २५ मिलिमीटर लांब, मधोमध आरपार भोक आणि त्यात पितळी पेट्रोल निपल. निपलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप. लेथ जवळ नसेल तर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात भोक पाडलेले रबरी बूच मिळतात. तेही चालतात, फक्त क्लॅम्प आवळताना चेपले जाऊन निसटत नाहीत ना ते पाहायचं.

तोंडं बंद करणं

इंजिन पूर्ण गार हवं. पेट्रोलचा कॉक बंद करून नळी काढा, मग कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर उतरवा. ऑइल पंप असलेल्या गाडीत पंपाची नळी सुटली तर नंतर तिच्यातली हवा काढावी लागते, हे आत्ताच लक्षात ठेवा. नाहीतर गळती शोधायच्या नादात गाडी पहिले काही किलोमीटर ऑइलशिवाय चालेल.

सायलेन्सरच्या तोंडावर ट्यूबचा तुकडा, त्यावर धातूची पट्टी, आणि फ्लँजच्याच (जोडाच्या चपट्या कडेच्या) स्टड-नटांनी ती आवळायची. पट्टीला भोकं पाडण्याआधी जुन्या सायलेन्सर पॅकिंगचा छाप कागदावर घ्या. आतला जळका काजळीचा थर खरवडून बसण्याची जागा स्वच्छ केली नाही तर रबर बसत नाही. पोर्टमध्ये चिंधी कोंबून काम भागवायचा मोह टाळा. चिंधी हवा अडवत नाही, आणि तिचा धागा रिंगमध्ये अडकू शकतो. येझदीला दोन सायलेन्सर असतात, म्हणजे पट्ट्याही दोन.

प्लग वॉशरसकट नीट आवळा.

आता पिस्टन कुठे ठेवायचा हा प्रश्न येतो. हवा कुठून भरायची हेही त्याच्याशीच जोडलेलं आहे. बऱ्याच जणांची चाचणी इथेच फसते.

आरएक्स १०० मध्ये इनटेकला रीड वॉल्व आहे. पातळ पात्यांचा हा एकदिशा दरवाजा. कार्ब्युरेटरकडून आत जाणारी हवा तो सोडतो, आतून बाहेर येणारी अडवतो. प्लगच्या भोकातून दाब भरला तर पाती मिटतात आणि त्यांच्यापुढचा सगळा भाग, म्हणजे इनटेकचं रबर आणि फ्लँज, चाचणीतून सुटतो. नेमकं तेच रबर फाटलेलं असेल तरी काटा जागचा हलणार नाही. म्हणून रीडच्या इंजिनात दाब इनटेककडूनच द्यायचा. पिस्टन तळाला ठेवायचा, कारण तिथे ट्रान्सफर पोर्ट उघडे असतात आणि चेंबर ते हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) अशी एकच पोकळी तयार होते. तळ शोधायला प्लगच्या भोकातून प्लास्टिकचा स्ट्रॉ सोडा, टॉप गिअरमध्ये मागचं चाक हळूहळू फिरवा, स्ट्रॉ सगळ्यात खाली जाईल तिथे थांबा. मग प्लग परत लावा.

राजदूत १७५ किंवा येझदीत रीड नाही. पिस्टनचा स्कर्टच, म्हणजे खालचा घेर, इनटेकचं भोक उघडतो-झाकतो. तिथे पिस्टन तळाला ठेवला तर इनटेक झाकलं जातं. त्यामुळे या इंजिनांत पिस्टन वर, टॉपला ठेवून इनटेककडून हवा भरा. मग इनटेकचा जॉइंट, चेंबर, दोन्ही सील आणि ब्लॉकच्या खालचं पॅकिंग सगळं एकदम तपासलं जातं. हेड पॅकिंगसाठी नंतर वेगळं पाहायचं. चेतकमध्ये क्रँकचा जाड भागच झडप म्हणून काम करतो. तिथे कार्ब्युरेटर बसतो त्या जागेवर पट्टी आवळून, पिस्टन तळाला ठेवून, प्लगच्या भोकातून हवा देणं सोपं पडतं.

दाब भरून वाट पाहणं

इंजिनाला जोडण्याआधी आपल्याच साधनाची परीक्षा घ्या. इंजिनकडची नळी दुमडून चिमट्याने दाबा, २६० पर्यंत हवा भरा आणि पाच मिनिटं थांबा. काटा जराही हलला नाही तरच पुढे जा. फुग्याचा स्क्रू नीट न आवळल्याने किंवा टीच्या सांध्यातून हवा गेल्याने निर्दोष इंजिन उघडलं जातं.

आता नळी बूचाला जोडून सावकाश २६० पर्यंत भरा. भरलेली हवा किंचित गरम असते, ती स्थिरावायला अर्धा मिनिट द्या, काटा थोडा उतरला तर परत २६० ला आणा आणि मोबाईलवर वेळ लावा.

दिवसरात्र धावणाऱ्या कार्टिंगच्या आणि डर्ट बाईकच्या दुनियेत चालणारं माप असं आहे: ६ पीएसआयच्या आसपास भरल्यावर मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरू नये. ही शेवटची मर्यादा झाली. आपल्या डायलवर ती मिनिटाला ५० होते. नुकतीच नवीन सील आणि पॅकिंग टाकलेल्या इंजिनाकडून जास्त अपेक्षा ठेवायला हवी, तिथे पाच मिनिटांत काटा २०-३० च्या वर उतरला तर शोध घ्यावा. तीस वर्षांच्या, रोज चालणाऱ्या गाडीत पाच मिनिटांत ६०-७० उतरलं तर लगेच इंजिन खोलायची गरज नाही, पण तारीख आणि आकडा डायरीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तोच आकडा दुप्पट झाला तर सील चाललंय.

काटा भरतानाच वर चढत नसेल तर फट मोठी आहे. ती कानानेच सापडते. शांत वेळी, रात्री, फुग्याने हवा भरत राहायची आणि दुसऱ्याने पातळ नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं जॉइंटवरून फिरवायचं.

बारीक गळतीसाठी साबण. एका कपभर पाण्यात दोन चमचे लिक्विड, हलकं ढवळायचं, फेस करायचा नाही. फेसाळ पाण्यात खरे बुडबुडे आणि ब्रशचे बुडबुडे यांतला फरक कळत नाही. दाब असताना ब्रशने एकेका जॉइंटवर लावा आणि प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा सेकंद नुसतं बघत राहा. बारीक गळतीत टप्पोरे बुडबुडे येत नाहीत, मोहरीएवढ्या पांढऱ्या फेसाची रेघ हळूहळू उगवते. उलट मोठ्या फटीवर पाण्याचा थर उडूनच जातो आणि काहीच दिसत नाही. तिथे बोट ओलं करून फिरवलं की वारा जाणवतो.

सुरुवात आपण लावलेल्या पट्ट्या आणि बूच यांच्यापासून करा. तिथून हवा जात असेल तर आधी ते बंद करा, मग इंजिनाला दोष द्या. नंतर इनटेकची फ्लँज, रीडच्या घराचं पॅकिंग, ब्लॉकचा पाया, हेड, प्लगचा वॉशर, आणि शेवटी चेंबरचे दोन अर्धे जुळतात ती खालची शिवण. ही शिवण मातीने माखलेली असते, धुतल्याशिवाय तिच्यावर साबण लावण्यात अर्थ नाही. इंजिनच्या पोटाशी कुठे काळपट, तेलकट ओल सतत येत असेल तर ती जागा आधी बघा. दाबाच्या वेळी ऑइल बाहेर टाकणारी फट ओढीच्या वेळी हवा आत घेते.

आरएक्समध्ये मॅग्नेट डाव्या बाजूला. कव्हर काढून मॅग्नेटच्या मागे साबणपाणी पोहोचवायचं असेल तर मॅग्नेट पुलरनेच काढा, हातोडीने ठोकून नव्हे. क्रँकचा शाफ्ट सीलमधून बाहेर येतो त्या गोलावर फेस आला की सील गेलं. साबणपाणी स्टेटरच्या कॉइलवर सांडू नका, काम झालं की फडक्याने कोरडं करा.

क्लच बाजूचं सील तपासायला काही उघडावं लागत नाही. या सीलमधून निसटलेली हवा गिअरबॉक्समध्ये जाते. ऑइल भरायचं झाकण काढून त्या तोंडावर डॉक्टरी हातमोजा ताणून रबरबँडने बांधा, गिअरबॉक्सची ब्रीदर (हवा सोडणारी) नळी चिमट्याने दाबा. चेंबरमध्ये दाब भरल्यावर हातमोजा हळूहळू उभा राहू लागला तर निकाल लागला. या सीलच्या गळतीची रस्त्यावरची खूणही वेगळी असते: गिअर ऑइल महिन्याला कमी होतं, थेंब मात्र कुठे पडत नाही, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो जो इंजिन तापल्यावरही थांबत नाही. ते ऑइल चेंबरमध्ये ओढलं जाऊन जळत असतं. अशा गाडीचा प्लग पांढरा नसून ओला-तेलकट असतो, त्यामुळे लोकांचा संशय टू-टी (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलबरोबर जळणाऱ्या) ऑइलच्या प्रमाणावर जातो.

अर्धी चाचणी दाबाची, अर्धी ओढीची

ऑइल सीलची ओठासारखी पातळ कड चेंबरच्या दिशेला तोंड करून शाफ्टला चिकटलेली असते. आतून दाब दिला की ती कड शाफ्टवर आणखी घट्ट आवळली जाते. म्हणजे झिजलेलं, कडक झालेलं सीलसुद्धा दाबाच्या चाचणीत पास होऊ शकतं. गाडी चालताना त्याच सीलवर क्षणात उलटी ओढ पडते, कड सैल होते आणि हवा आत जाते. म्हणून नुसता दाब टिकला यावर ‘सील चांगलं आहे’ असं म्हणू नये. गाडी दोन-तीन वर्षं पोत्याखाली उभी असेल तर अजिबातच नाही.

ओढीची चाचणी प्लगच्या भोकातून करायची. कारण पुन्हा रीड: इनटेककडून ओढलं तर पाती मिटतात आणि चेंबरला काही कळतच नाही, प्लगकडून ओढलं तर ती उघडतात. पिस्टन तळाला, इनटेकच्या बूचाची नळी दुमडून बंद, सायलेन्सरची पट्टी जागेवर. रीड नसलेल्या राजदूत-येझदीत मात्र पिस्टन टॉपला ठेवून इनटेककडूनच ओढायचं. प्लगच्या जागी जोडायला कॉम्प्रेशन गेजची १४ मिलिमीटर आट्यांची नळी वापरता येते, फक्त तिच्या टोकाचा बारीक वॉल्व आधी काढा, तो एकाच दिशेला हवा सोडतो. ती नसेल तर जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढा आणि लोखंडी कवचात पितळी निपल इपॉक्सीने बसवा. डोळ्यांवर चष्मा लावून फोडा, तुकडे उडतात.

ओढायला ५० मिलिलिटरची सिरिंज आणि सलाईनसाठी मिळणारा थ्री-वे कॉक. सिरिंज ओढायची, कॉक वळवून हवा बाहेर ढकलायची, कॉक परत वळवून पुन्हा ओढायची. शंभर सीसीच्या इंजिनात पाच-सात खेपांत पुरेशी ओढ तयार होते. बीपीचा डायल उणे दाब दाखवत नाही. फ्रिज-एसी मेकॅनिककडचं निळं गेज दाखवतं. त्यावर १० इंच पारा म्हणजे सुमारे २५० मिलिमीटर. मोटरसायकलचे डिस्क ब्रेक ब्लीड करायचा हातपंप मिळाला तर त्याच्यावर गेज असतंच आणि सिरिंजही लागत नाही.

१० इंचावर आणा आणि पुन्हा पाच मिनिटं पाहा. दाबाला टिकलं पण ओढीला झरझर उतरलं, तर सीलकडेच पाहायचं. कुठलं सील ते ठरवायला मॅग्नेट बाजूच्या सीलच्या कडेला जाड ग्रीस भरा आणि परत ओढा. उतरायचा वेग कमी झाला तर तेच. काही फरक पडला नाही तर क्लच बाजूचं.

दुरुस्तीत काय बिघडतं

सील मागवण्याआधी त्या इंजिनाचं पार्ट्सचं चित्र पाहा. काही इंजिनांत सील बाहेरून निघतं, काहींत चेंबर फोडल्याशिवाय निघत नाही. चेंबर फोडायचाच असेल तर दोन्ही सील आणि दोन्ही बेअरिंग एकाच वेळी बदलणं शहाणपणाचं, कारण मजुरी तीच. बाहेरून बदलणार असाल तरी आधी क्रँकचं टोक हाताने वर-खाली हलवून पाहा. तिथे खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय. अशा शाफ्टवर नवीन सील टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, डगमगणारा शाफ्ट काही दिवसांत त्याची कड खाऊन टाकतो.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू चेंबरकडे. शाफ्टवरच्या कीच्या खाचेवर पातळ सेलोटेप गुंडाळा, नाहीतर नवी कड चढवतानाच कापली जाते. मग ‘नवीन सील टाकूनही फरक नाही’ म्हणून लोक हैराण होतात. कडेला टू-टी ऑइलचा हात लावा. त्याच व्यासाच्या सॉकेटने किंवा पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने सगळीकडून सारखं, सरळ ठोका. जुन्या सीलने शाफ्टवर खाच पाडली असेल तर नवीन सील अर्धा-एक मिलिमीटर अलीकडे-पलीकडे बसवून कड ताज्या जागी आणता येते, पण बेअरिंगचं ऑइलचं भोक झाकलं जात नाही ना हे पाहून.

इनटेकची फ्लँज गळत असेल तर बोल्ट आणखी आवळणं हा उपाय नाही. बहुतेक वेळा जास्त आवळल्यानेच ती मधून वाकलेली असते. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर फ्लँज आठाच्या आकड्यासारखी घासा, पूर्ण पृष्ठभाग एकसारखा मंद चमकेपर्यंत. पॅकिंगच्या जागी नुसता सिलिकॉन थापणं टाळा. जास्तीचा सिलिकॉन आतल्या बाजूला बाहेर येतो, पेट्रोलने सुटतो आणि तुकडा थेट रीडमध्ये जाऊन पाती उघडी ठेवतो. चेंबरच्या शिवणीला पेट्रोल सोसणारं सीलंट, तेही अगदी पातळ, दोन्ही बाजू थिनरने पुसून.

कोकणात आंबा-काजूच्या बागांमध्ये चालणारे टू-स्ट्रोक ग्रासकटर आणि पाठीवरचे पॉवर स्प्रेयर यांचं तंत्र हेच. फरक एवढा की डायफ्रॅम कार्ब्युरेटर असलेल्या यंत्रात चेंबरचा दाब आणि ओढ एका बारीक भोकातून किंवा नळीतून कार्ब्युरेटरपर्यंत जाते, त्यावरच पेट्रोलचा पंप चालतो. कार्ब्युरेटर काढल्यावर ते भोकही बंद करायचं, नाहीतर चाचणी सुरूच होणार नाही. ही नळी चिरली असेल तर यंत्र आयडलिंगला ठीक आणि रेस दिली की मरतं. कार्ब्युरेटर किट बदलूनही ते बरं होत नाही.

दुरुस्तीनंतर दाब आणि ओढ दोन्ही चाचण्या परत घ्या, सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर चढवायच्या आधीच. मग गळतीच्या काळात कोणी टाकलेले मोठे जेट काढून कंपनीच्या मापाचे परत लावा, सुईची क्लिप मधल्या खाचेवर आणा, एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर. ऑइल पंप असेल तर नळीतली हवा काढेपर्यंत टाकीतल्या पेट्रोलमध्येच लिटरला २० मिलिलिटर टू-टी ऑइल घालून चालवा. इंजिन तापल्यावर स्क्रू पाव-पाव फेरा आत-बाहेर करून पाहा. आता प्रत्येक पाव फेऱ्याला रेस बदलताना ऐकू यायला हवी. ती बदलत नसेल तर पायलट जेट पुन्हा काढून उजेडासमोर धरा.